क्रूझला निघताना पासपोर्टची मुदत: पुणेकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमधल्या आमच्या छोट्या ऑफिसात क्रूझला निघालेल्या लोकांची कागदपत्रं तपासण्याचं काम मी करते. जहाज कसं आहे, जेवण शाकाहारी मिळेल का, लाटा लागतील का, हे सगळे विचारतात. पासपोर्टची मुदत मात्र पैसे भरून झाल्यावर आठवते, आणि तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

आमचा पासपोर्ट नोव्हेंबरपर्यंत चालू आहे आणि आम्ही मे महिन्यातच जाऊन परत येणार. मग अडचण कसली?

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून हा प्रश्न पहिला घेतला. पासपोर्टवर छापलेली तारीख ही तो पासपोर्ट कागद म्हणून कधी संपतो ती तारीख. प्रवासासाठी तो त्याच्या बराच आधी निरुपयोगी होतो. सिंगापूर, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिराती या देशांत शिरताना पासपोर्टवर किमान सहा महिने शिल्लक असावे लागतात. पुणेकर ज्या क्रूझवर जातात, त्यांतल्या बऱ्याच याच देशांतून सुटतात.

एक हिशोब मांडून बघू. पासपोर्ट ५ नोव्हेंबर २०२७ ला संपतो. शाळांना सुट्टी लागल्यावर १२ मे २०२७ ला सिंगापूरला पोहोचायचं ठरलंय. १२ मे अधिक सहा महिने म्हणजे १२ नोव्हेंबर. पासपोर्ट सात दिवसांनी कमी पडला. घरात सगळे म्हणतात, ‘अहो, सहा महिने आहेत की!’ बोटांवर मोजलं तर तसंच वाटतं: जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. पण काउंटरवर महिन्यांची नावं मोजत नाहीत, तारीख बघतात.

माझ्या आत्याच्या बाबतीत हेच झालं. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आत्या आणि काका सिंगापूरहून पेनांग आणि फुकेतला जाणाऱ्या जहाजावर निघाले होते. त्यांना सोडायला मी मुंबईच्या विमानतळावर गेले होते. काउंटरवरच्या मुलीने काकांचा पासपोर्ट बाजूला ठेवला, आत्याचा उघडला, फोटोच्या पानावरच्या शेवटच्या तारखेवर बोट ठेवलं आणि पासपोर्ट आमच्याकडे फिरवला. चार महिने बावीस दिवस उरले होते. तिने वरिष्ठांना बोलावलं. तेही नम्रपणे बोलले, पण उत्तर तेच. काका एकटे जाणार नव्हतेच. जहाजावरच्या खास रात्रीसाठी आत्याने पैठणी घेतली होती, ती बॅगेत घडी तशीच राहिली. परतीच्या टॅक्सीत खालापूरचा टोलनाका येईपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही. तेव्हापासून आमच्याकडे चौकशीला कोणी आलं की मी आधी पासपोर्ट मागते, माहितीपत्रक नंतर देते.

सहा महिने नेमके कुठल्या दिवसापासून मोजायचे?

बहुतेक देश त्यांच्या हद्दीत शिरण्याच्या दिवसापासून मोजतात. अनेक जहाज कंपन्या मात्र क्रूझ संपण्याच्या दिवसापासून मोजतात आणि ते त्यांच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. म्हणून मी सगळ्यांना एकच पद्धत सांगते: ज्या दिवशी पुण्यातल्या घराचं कुलूप परत उघडणार, त्या दिवसापासून सहा महिने पुढे मोजा. पासपोर्ट त्याच्याही पुढे जात असेल तर कोणाचाही नियम लावा, तुम्ही बसता. वरच्या उदाहरणात १८ मे ला घरी यायचं असेल तर पासपोर्ट किमान १८ नोव्हेंबरपर्यंत हवा.

मोजताना कॅलेंडर घ्या, मनात मोजू नका. विमान चुकलं, वादळामुळे जहाज उशिरा आलं, तर परतीचा दिवस पुढे सरकतो. त्यासाठी वर आणखी महिनाभर असला तर बरं.

युरोपलाही सहा महिन्यांचाच नियम आहे का?

नाही. शेंगेन देशांमधून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांमधून, शेवटी बाहेर पडायच्या दिवसानंतर किमान तीन महिने पासपोर्ट चालू हवा, तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात किमान दोन कोरी पानं हवीत. बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, नेपल्स अशी भूमध्य समुद्रातली क्रूझ असेल तर ही सगळी बंदरं शेंगेनमध्येच येतात. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आला. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत.

नियम तीन महिन्यांचा असला तरी मी युरोपवाल्यांनाही सहाच महिने सांगते. जाताना विमान दुबईला बदलायचं असतं, आणि विमान रद्द होऊन एक रात्र तिथे काढायची वेळ आली तर तिथला नियम लागू होतो.

इथे दुसरी एक गोष्ट मुदतीइतकीच महत्त्वाची आहे. अथेन्सहून निघालेलं जहाज तुर्कस्तानातल्या कुशादासीला जाऊन पुन्हा ग्रीसच्या बेटांवर येतं, तेव्हा तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून परत आत येता. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथे पुरत नाही, एकाहून जास्त प्रवेशांचा लागतो. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणाऱ्या क्रूझचंही तसंच. भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो, आणि जहाज परत आलं की तो तुमचा दुसरा प्रवेश.

थायलंड, मलेशियाला आता व्हिसा लागत नाही असं ऐकलं. मग पासपोर्टचं एवढं काय?

२०२३ च्या अखेरीस या दोन्ही देशांनी भारतीयांना व्हिसातून सूट दिली. अशा सवलती ठरावीक काळापुरत्या असतात आणि बदलतात, त्यामुळे बुकिंग करायच्या आठवड्यात पुन्हा खात्री करून घ्यायची. पण व्हिसाची सूट म्हणजे मुदतीची सूट नव्हे. उलट व्हिसाला अर्ज करताना कोणीतरी पासपोर्ट तपासून ‘मुदत कमी आहे’ असं आधीच सांगायचं. आता तो टप्पाच नाही, त्यामुळे चूक थेट विमानतळावर उघडी पडते.

जहाज त्या बंदरात चारच तास थांबणार आहे. आम्ही खाली उतरणारच नाही. तरी त्या देशाचे नियम पाळावे लागतात?

हो. जहाज बंदराला लागण्याआधी सगळ्या प्रवाशांची यादी त्या देशाच्या अधिकाऱ्यांकडे जाते. तुम्ही डेकवर चहा पीत बसा नाहीतर शहर बघायला उतरा, यादीत तुम्ही असताच. म्हणून प्रवासमार्गातल्या सगळ्या देशांचे नियम काढायचे आणि त्यातला सगळ्यात कडक नियम आपला धरायचा.

याचं अलास्का हे चांगलं उदाहरण आहे. मुलगा सिएटलला असतो, आईवडील पुण्याहून जातात आणि सगळे मिळून सिएटलहून अलास्काची क्रूझ घेतात. सिएटल अमेरिकेत, अलास्का अमेरिकेत, त्यामुळे अमेरिकेचा व्हिसा पुरेल असं घरात ठरतं. पण जवळजवळ सगळी मोठी क्रूझ जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदवलेली असतात. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यामुळे अशा परदेशी जहाजाला अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन, वाटेत अमेरिकेचीच दुसरी बंदरं करून पण एकही परदेशी बंदर न करता त्यांना परत तिथेच आणून सोडता येत नाही. म्हणून ही जहाजं वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, बऱ्याचदा संध्याकाळचे काही तासच. त्या काही तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो. मुलाकडे अमेरिकेचा पासपोर्ट असला तर त्याला लागत नाही, त्यामुळे आईवडिलांना लागेल हे त्याच्या डोक्यातच येत नाही. तो निष्काळजी आहे असं नाही. त्याला स्वतःला कधी गरज पडलेली नसते.

अमेरिकेतली आमची नात नुसत्या जन्मदाखल्यावर क्रूझला गेली होती. आम्हाला तसं चालेल का?

तुम्हाला नाही चालणार. अमेरिकेच्या एकाच बंदरातून निघून तिथेच परतणाऱ्या क्रूझसाठी अमेरिकी नागरिकांना पासपोर्टऐवजी जन्मदाखला आणि सरकारी ओळखपत्र चालतं, लहान मुलांना नुसता जन्मदाखला. ती सवलत त्यांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्या आजी-आजोबांना चालू मुदतीचा पासपोर्ट आणि पुन्हा अमेरिकेत शिरता येईल असा व्हिसा, दोन्ही हवं.

मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझला पासपोर्ट लागतो का?

जहाज भारताबाहेरच्या बंदराला लागणार नसेल तर नाही. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना यांपैकी एक मूळ ओळखपत्र घ्या. मुंबईत क्रूझ सुटतात त्या बॅलार्ड पिअरला जाताना झेरॉक्सवर विसंबू नका.

पासपोर्ट किती आधी रिन्यू करता येतो? उरलेले महिने नव्या पासपोर्टमध्ये मिळतात का?

मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. आपण बोलताना रिन्यू म्हणतो, पण सरकारी भाषेत ते री-इश्यू आहे आणि हा फरक खरा आहे. जुन्या पासपोर्टची मुदत वाढत नाही. नवा नंबर, नवी तारीख असलेलं नवं पुस्तक मिळतं आणि प्रौढांसाठी तिथून दहा वर्षं धरली जातात. जुन्यातले उरलेले महिने पुढे जोडून मिळत नाहीत.

त्यामुळे बरेच जण ‘अजून नऊ महिने आहेत, ते कशाला वाया घालवायचे’ म्हणून थांबतात. थांबू नका. शेवटचे सहा महिने तुम्ही यातल्या बहुतेक देशांत जाऊच शकत नाही, मग वाया काय जातंय? मला विचाराल तर मुदत संपायला अकरा महिने राहिले की अर्ज करावा. दहा वर्षांचा पासपोर्ट प्रत्यक्षात साडेनऊ वर्षांचाच धरायचा.

पुण्यात अर्ज कुठे आणि कसा करायचा?

पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा एम-पासपोर्ट सेवा या ॲपवर अर्ज भरायचा, पैसे तिथेच भरायचे आणि अपॉइंटमेंट घ्यायची. हुबेहूब सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं जास्तीचे पैसे उकळतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असल्याशिवाय काही भरू नका.

अर्जात ‘फ्रेश’ नव्हे, ‘री-इश्यू’ निवडायचं. कारण विचारतात तिथे ‘मुदत तीन वर्षांच्या आत संपलेली किंवा संपत आलेली’ या अर्थाचा पर्याय घ्यायचा. पहिलाच पासपोर्ट असल्यासारखा अर्ज भरून आलेले लोक मी पाहिलेत. त्यांची अख्खी सकाळ फुकट जाते.

पुण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र मुंढव्याला आहे. बाणेरला जे पासपोर्ट भवन आहे, ते प्रादेशिक कार्यालय. फाईल अडकली तर तिथे चौकशी होते, नेहमीचा अर्ज द्यायला तिथे जायचं नसतं. पिंपरी-चिंचवडच्या लोकांसाठी पोस्ट ऑफिसमधलं केंद्र आहे. कोथरूड, वारज्याहून मुंढव्याला सकाळी निघायचं तर हडपसर-मगरपट्ट्याची गर्दी धरून दीड तास हाताशी ठेवा.

पुण्यात जवळची तारीख मिळाली नाही तर २०१८ पासून देशात कुठल्याही केंद्रात अर्ज देता येतो. सोलापूरला माहेर असेल तर तिथे जाऊन देता येतो. पोलीस पडताळणी मात्र तुम्ही सध्या राहता त्या पत्त्यावरच होते.

सोबत मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांच्या स्वतः सही केलेल्या प्रती आणि पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याचा पुरावा. फोटो तिथेच काढतात. पहिल्या काउंटरवर कागद, फोटो आणि बोटांचे ठसे, दुसऱ्यावर पडताळणी, तिसऱ्यावर मंजुरी. प्रौढांसाठी सध्या ३६ पानांच्या पासपोर्टला १५०० रुपये आणि ६० पानांच्या पासपोर्टला २००० रुपये लागतात.

री-इश्यूला काहींची पोलीस पडताळणी होते, काहींची होत नाही. अर्ज दिल्यानंतर अनोळखी नंबरचे फोन मात्र उचला. हवालदार दोनदा फोन करून गेले आणि घरच्यांनी ‘बँकेचा जाहिरातीचा फोन असेल’ म्हणून उचललाच नाही, अशाने फाईल मागे पडते.

क्रूझ तीन आठवड्यांवर आली आहे. तत्काळमध्ये होईल का?

बऱ्याचदा होतं. प्रौढांना नेहमीच्या शुल्कावर २००० रुपये जास्त भरावे लागतात आणि पासपोर्ट लवकर हातात येतो. पण तत्काळ सगळ्यांना लागू होत नाही. नाव बदलणं, पासपोर्ट हरवणं अशी गुंतागुंत असेल तर वेळ लागू शकतो. शिवाय नवा पासपोर्ट हातात आल्यावर व्हिसा उरतोच. पासपोर्ट तीन-चार दिवसांत मिळाला आणि युरोपच्या व्हिसाची तारीख महिन्याने मिळाली, तर तत्काळचा उपयोग काय? सिंगापूरसारखा व्हिसा लवकर मिळणारा देश असेल तर प्रयत्न करा. शेंगेनसाठी तीन आठवडे राहिले असतील तर जहाज कंपनीशी बोलून तारीख पुढे ढकलायचा प्रयत्न आधी करा. उशीर होईल तसा रद्द करण्याचा दंड वाढत जातो.

बुकिंग जुन्या पासपोर्टच्या नंबरवर झालं आहे. आता नवा पासपोर्ट आला. बुकिंग रद्द होईल का?

नाही. ऑनलाइन चेक-इनच्या वेळी नवा नंबर, काढल्याची तारीख आणि संपण्याची तारीख भरायची. विमानाचं तिकीट, विमा, प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज या सगळीकडे नंबर बदला. पण व्हिसा जुन्या नंबरवर काढलेला असेल तर तो नुसता नंबर बदलून चालत नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी पासपोर्ट, मग व्हिसा.

याला ठळक अपवाद म्हणजे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा. पासपोर्ट संपला तरी जुन्या पुस्तकातला तो व्हिसा त्याच्या स्वतःच्या तारखेपर्यंत चालतो. जुना आणि नवा, दोन्ही पासपोर्ट सोबत न्यायचे. जुन्याचा कोपरा कापलेला असतो आणि त्यावर रद्द झाल्याचा शिक्का असतो. व्हिसाचं पान मात्र सुरक्षित असलं पाहिजे. ‘जुना रद्द झाला’ म्हणून तो घरी कपाटात ठेवून गेलेले लोक आहेत.

मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच का?

अठरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा अठरावा वाढदिवस, यांत जे आधी येईल तिथपर्यंतच असतो. चौदाव्या वर्षी काढलेला पासपोर्ट चारच वर्षं मिळतो. पंधरा ते अठरा या वयात दहा वर्षांचा पूर्ण मुदतीचा पासपोर्ट मागता येतो, तो पर्याय अर्जात निवडावा लागतो.

घरातल्या पाच पासपोर्टपैकी अडचण येते ती बहुधा मुलाच्याच. आईवडिलांचे दहा वर्षांचे पासपोर्ट एकदम काढलेले असतात, ते अजून चालू असतात, आणि मुलाचाही त्याच दिवशी काढला होता म्हणून तोही चालू असेल असं वाटतं. प्रत्येक पासपोर्ट वेगळा उघडून बघा.

मुलाच्या अर्जाला दोन्ही पालकांच्या संमतीचं पत्र लागतं. चार वर्षांखालच्या बाळासाठी पांढऱ्या पार्श्वभूमीचा साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटरचा फोटो घेऊन जा. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. महापालिकेच्या दाखल्यावर बाळाचं नाव चढवायचं राहिलं असेल तर ते काम सगळ्यात आधी.

चेक-इनचा फॉर्म सांगतो की माझा पासपोर्ट सहा महिन्यांत संपतो. प्रत्यक्षात तर भरपूर मुदत आहे. असं का?

तारीख उलटी गेली असणार. आपल्या पासपोर्टवर आधी दिवस, मग महिना, मग वर्ष असं छापलेलं असतं. अनेक जहाज कंपन्या अमेरिकी आहेत आणि त्यांच्या फॉर्मवर काही वेळा आधी महिना येतो. पासपोर्टवर ०५/११/२०२७ म्हणजे ५ नोव्हेंबर. तसंच भरलंत तर फॉर्म ११ मे समजतो. दिवस बारापेक्षा मोठा असेल तर फॉर्म लगेच चूक दाखवतो. बारा किंवा त्याहून लहान असेल तर काहीच बोलत नाही आणि चुकीची तारीख पुढे जाते. कधी याच्या उलट होतं: कमी मुदतीचा पासपोर्ट फॉर्मवर जास्त मुदतीचा दिसतो आणि घोळ बंदरावर कळतो.

खात्री करायची असेल तर फोटोच्या पानाखालच्या दोन ओळी बघा, ज्यांत बाणासारखी चिन्हं असतात. तिथे संपण्याची तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने असते: २७११०५. मशीन तीच वाचतं. नंबर भरतानाही बघा, पहिलं अक्षर इंग्रजी आणि पुढे सात आकडे असतात. त्या सात आकड्यांत गोल दिसतं ते शून्यच, ‘ओ’ नव्हे.

तिकिटावर नाव कसं लिहायचं? माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नावही आहे.

पासपोर्टवर जसं आहे तसं, अक्षर न अक्षर. मराठी घरांत नावाच्या रकान्यात बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. बुकिंग करणारा पुतण्या प्रेमाने ‘सुनीताकाकू’चं नुसतं ‘सुनीता’ आणि आडनाव भरतो आणि मधलं नाव गाळतो. तसं करू नका.

लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललंच पाहिजे असं नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट त्याच्या मुदतीपर्यंत चालतो, फक्त तिकीटही माहेरच्याच नावाने काढायचं. दुबईहून सुटणारी क्रूझ असेल तर आणखी एक बघा: आडनावाचा रकाना रिकामा आहे का? नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटक म्हणून प्रवेश द्यायला बंधन घातलं आहे. तसा पासपोर्ट असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या.

पासपोर्ट पावसात भिजला आहे, पण वाचता येतो. चालेल का?

मी असा पासपोर्ट घेऊन कोणाला पाठवत नाही. फोटोच्या पानाचं प्लास्टिक सुटलेलं, शिलाई उसवलेली, पान फाटलेलं असेल तर अधिकारी थांबवू शकतो, मुदत कितीही असो. खराब झालेल्या पासपोर्टच्या बदली ३६ पानांचा नवा घ्यायला ३००० रुपये लागतात. कोरी पानंही मोजा, आणि शेवटची शेऱ्यांची पानं कोरी म्हणून धरू नका.

नवीन चिपवाला पासपोर्ट आला आहे म्हणे. जुना बदलावा लागेल का?

नाही. जुना त्याच्या मुदतीपर्यंत चालतो.

माझ्या आईचा पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये आहे. निघायच्या आदल्या दिवशी काढला तर चालेल ना?

निदान महिनाभर आधी काढा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, मध्ये पाडवा किंवा गणपती आले की सलग तीन दिवस जातात. आणि लॉकरमधला पासपोर्ट कोणी उघडून बघत नाही, त्यामुळे त्याची मुदत कधी उलटली ते कळतच नाही. आज मोबाइलमध्ये फोटोच्या पानाचा एक फोटो काढून ठेवा.

आईच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा असेल तर घाबरू नका. तो नोकरीसाठी ठरावीक देशांत जाणाऱ्यांशी संबंधित आहे, पर्यटनाला आड येत नाही.

मी सरकारी नोकरीत आहे. वेगळं काही लागतं?

कार्यालयाचं ना-हरकत पत्र किंवा पूर्वसूचना दिल्याचं पत्र. खडकी, देहूरोडच्या संरक्षण उत्पादनाच्या कारखान्यांतल्या लोकांनी परदेशी जाण्याची परवानगीही वेळेत मागावी, कारण ती पासपोर्टहून वेगळी असते.

मुलगा परदेशी नागरिक आहे, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे. तो मुंबईहून क्रूझला येईल का?

येईल, पण ओसीआय कार्ड एकटं चालत नाही. सोबत त्याचा चालू मुदतीचा परदेशी पासपोर्ट हवा.

मुदत कमी म्हणून बंदरावर अडवलं तर पैसे परत मिळतात का?

सहसा नाही. कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची, हे जवळजवळ प्रत्येक जहाज कंपनीच्या करारात असतं, आणि प्रवास विम्यात अपुऱ्या कागदपत्रांमुळे झालेलं नुकसान बहुधा धरत नाहीत. आत्याच्या क्रूझचे पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून टूर कंपनीने तपासलंय असं म्हणून सोडून देऊ नका. आमच्यासारख्या लोकांनीही तपासलेलं असलं, तरी तुम्ही पुन्हा बघा.

जहाजावर पासपोर्ट काढून घेतात असं ऐकलं. द्यायचा का?

काही मार्गांवर घेतात, कारण पुढच्या बंदरांच्या अधिकाऱ्यांना सगळे पासपोर्ट एकत्र दाखवायचे असतात. जहाजावर चढताना देता, उतरण्याआधी परत मिळतो. निर्धास्त द्या, पण पोचपावती देत असतील तर ती जपा. कागदावरच्या दोन प्रती आधीच जवळ ठेवा, कारण बंदरावर उतरताना जहाजाचं कार्ड आणि ती प्रत एवढंच तुमच्याकडे असेल.

पासपोर्ट बंदरावरच हरवला तर?

आधी स्थानिक पोलिसांत तक्रार, मग जहाजाच्या स्वागतकक्षाला आणि जवळच्या भारतीय दूतावासाला फोन. दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकतो, पण त्यावर फक्त भारतात परत येता येतं. पुढच्या बंदरांची सफर तिथेच संपते.

मग शहर बघायला उतरताना पासपोर्ट जवळ ठेवायचा की खोलीतल्या तिजोरीत?

जहाजाने तुमच्याकडेच ठेवला असेल आणि त्या बंदराचा नियम उलटा नसेल, तर तिजोरीत. प्रत आणि जहाजाचं कार्ड सोबत घ्या. बाजारात रेंगाळून परतायला उशीर झाला आणि जहाज सुटायची वेळ आली, तर कर्मचारी बऱ्याचदा खोलीतली तिजोरी उघडून पासपोर्ट बंदरावरच्या एजंटाकडे देऊन जातात, म्हणजे तुम्ही विमानाने पुढचं बंदर गाठू शकाल. त्या एजंटाचं नाव आणि फोन नंबर जहाजावर रोज रात्री खोलीत येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेवर अनेकदा छापलेला असतो. उतरण्याआधी त्या कोपऱ्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.